गाडी आतून साफ करताना: सीट कशाची आहे ते आधी बघा

गाडी दाखवताना 'लेदर सीट्स आहेत' असं ठासून सांगतात, पण बऱ्याच गाड्यांत ते लेदर नसतंच. माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं की बारीक अक्षरात 'लेदरेट' सापडतं. म्हणजे आपलं रेक्झिन: वर पीव्हीसी किंवा पीयूचा थर आणि खाली विणलेलं कापड. काही गाड्यांत सरमिसळ असते. बसायचा आणि पाठ टेकायचा भाग खऱ्या चामड्याचा, तर कडेचा आणि मागचा रेक्झिनचा. दिसायला दोन्ही सारखंच. म्हणून कुठलीही बाटली उघडण्याआधी आपली सीट कशाची आहे ते बघून घ्या. पुढची निम्मी कामं त्यावर ठरतात.

बघायचं कसं? सीट पूर्ण मागे-पुढे सरकवा आणि खालच्या कडेला, जिथे कव्हर आत दुमडून क्लिपांत अडकवलेलं असतं, तिथे मोबाईलचा उजेड मारा. कापलेली कड दिसली की उलगडा होतो. चामड्याच्या उलट्या बाजूला बारीक लव असते, रेक्झिनच्या मागे सरळ कापडाची वीण दिसते. कड दिसत नसेल तर अंगठा दाबून बघा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात, रेक्झिन बहुतेक नुसतं दबतं. पाण्याचा थेंब टाकून बघायची युक्ती बरेच जण सांगतात, ती इथे कामाची नाही. गाडीतल्या खऱ्या लेदरवरही रंगाचा लेप आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, त्यामुळे थेंब दोन्हींवर तसाच उभा राहतो.

तेलाची बाटली घरातच ठेवा

आपल्याकडे चामडं म्हटलं की हात तेलाकडे जातो, आणि त्याला कारण आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात, वर कसला लेप नसतो. नवी चप्पल चावू नये म्हणून तेल चोळलं की चामडं ते पितं आणि मऊ पडतं. ही चप्पल आपल्या भागातही बनते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे आहेत. पण चपलेला जे मानवतं ते सीटला मानवत नाही. गाडीचं चामडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आणि वरून बंद केलेलं असतं. खोबरेल त्यात शिरत नाही, वरच बसतं. मग त्यावर धूळ चिकटते, शिलाईच्या दोऱ्यात तेल झिरपतं आणि उन्हाळ्यात बंद गाडीत खवट वास यायला लागतो. एरंडेल, व्हॅसलीन, बुटाचं पॉलिश या सगळ्यांची गत तीच. पॉलिशचा रंग तर पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो, आणि तो सदरा नेमका लग्नाला निघालेल्या काकांचा असतो.

दुसऱ्या टोकाला आहे कपडे धुण्याची पावडर. ती क्षारधर्मी असते आणि चामडं किंचित आम्लधर्मी. एखाद्या वेळी वापरल्याने लगेच काही दिसत नाही, पण दर महिन्याला पावडरीचा फेस करून सीट घासली तर वरचा थर निस्तेज होतो, कोरडा पडतो आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या उंच कडेला आधी भेगा पडतात. भांड्यांचा साबण, फरशीचं लिक्विड, थिनर, रॉकेल, सॅनिटायझर यांचंही काम नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल सीटचा आणि स्टिअरिंगचा वरचा थर मऊ करून उचलतं. करोनाच्या काळातली बरीच स्टिअरिंगं बघा, जिथे हात जास्त फिरतो तिथे ती चट्ट्याचट्ट्यांनी उडालेली आहेत.

काय काय लागेल

सामान फार लागत नाही. घरचा वॅक्युम क्लीनर, त्याला फटीत जाणारं चपटं तोंड. मऊ केसांचे दोन ब्रश, एक सीटला आणि एक प्लास्टिकला. रंगाच्या दुकानात मिळणारा एक इंची ब्रश एसीच्या जाळ्यांसाठी उत्तम, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा, नाहीतर पत्रा प्लास्टिकवर ओरखडे काढतो. मायक्रोफायबरची सात-आठ कापडं. इथे चिकटपणा करू नका, कारण एकच मळकं कापड सगळीकडे फिरवलं की मळ फक्त जागा बदलतो.

क्लीनर घेताना बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' (म्हणजे ना आम्लधर्मी, ना क्षारधर्मी) आणि 'इंटिरिअर' किंवा 'लेदर' हे शब्द शोधा. 'ऑल पर्पज' लिहिलेलं औषध सहसा तीव्र असतं. ते घेतलंच तर बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करून प्लास्टिकपुरतंच वापरा. आणि सुरुवातीला काहीच विकत घ्यायचं नसेल, तर लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा बेबी शाम्पू एवढ्यावरही हलका मळ निघतो. पाणी मात्र बघून घ्या. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, ते काळ्या प्लास्टिकवर वाळलं की पांढरे कण राहतात. शेवटचा हात आरओ फिल्टरच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने फिरवला की हा प्रश्न मिटतो.

वेळ सकाळची धरा, गाडी सावलीत उभी करा. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर जातो. अशा पृष्ठभागावर औषध पडलं की मळ सुटायच्या आत तेच वाळतं आणि डाग ठेवून जातं. हात टेकवून बघा, गार लागलं तरच सुरू करा. चारही सीट्स आणि सगळे पॅनेल म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पहिल्यांदा करत असाल तर एका दिवशी फक्त ड्रायव्हरची बाजू घ्या.

आधी कोरडं, मग ओलं

पाण्याचा थेंब पडण्याआधी जेवढा कचरा कोरडा निघेल तेवढा काढायचा. मॅट बाहेर काढून झटका. कप्पे रिकामे करा. टोलच्या पावत्या, नाणी, मागच्या वर्षीचं नारळाचं तोरण, सगळं बाहेर. मग वरून खाली या: आधी डॅशबोर्ड आणि जाळ्या कोरड्या ब्रशने झाडायच्या, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात वॅक्युमचं तोंड धरून, म्हणजे उडालेली धूळ तिथल्या तिथे ओढली जाते. त्यानंतर दरवाजे, मधला भाग, सीट्स आणि सगळ्यात शेवटी खालचा गालिचा.

सीटच्या फटींना वेळ द्या. बसायचा भाग आणि पाठीचा भाग जिथे मिळतो तिथे तळहाताने गादी दाबून फट उघडा आणि चपटं तोंड आत घाला. सांगलीच्या गाडीत तिथे काय निघणार हे गाडी न बघता सांगता येतं: भडंगाचे कण, शेंगदाण्याची लाल सालं आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा तेलकट तिखटाचा थर. बेल्टच्या बक्कलजवळ तो सगळ्यात जास्त साचतो. तो ओला केला की फटीत लगदा होऊन बसतो, म्हणून कोरडाच उकरून काढा. लाकडी आइस्क्रीमचा चमचा त्यासाठी चांगला, धातूचं काही वापरू नका.

सीटखाली हात घालताना पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात. सुटले तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

डॅशबोर्ड, दरवाजे, स्टिअरिंग

औषध पॅनेलवर थेट फवारायचं नाही, ब्रशवर किंवा कापडावर घ्यायचं. बटणांच्या फटीतून पाणी आत गेलं तर काच वर-खाली करायचं स्विच बंद पडायला वेळ लागत नाही. दाणेदार प्लास्टिकवर ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा, फेस मळकट झाला की ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने उचलून घ्या आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. हात-दीड हात जागा पूर्ण करून मगच पुढे सरकायचं.

दरवाज्याच्या पॅडवर खालच्या कोपऱ्यात बुटांचे काळे ओरखडे असतात. ते एका फेरीत गेले नाहीत तर दुसरी फेरी करा, जोर वाढवू नका. पांढरा 'मॅजिक' स्पंज अशा वेळी हातात घ्यावासा वाटतो. तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. त्याने डाग जातो, सोबत प्लास्टिकची दाणेदार कातही गुळगुळीत होते आणि ती जागा उन्हात कायम चमकत राहते. सीटवर तर तो टेकवूसुद्धा नका.

चकचकीत काळं प्लास्टिक आणि स्क्रीन यांना ब्रश अजिबात नको. नवं, धुतलेलं कापड किंचित ओलं करून एकाच दिशेने फिरवा. काच पुसायच्या काही औषधांत अमोनिया असतो. त्याने स्क्रीनवरचा थर आणि काचेवरची फिल्म दोन्ही खराब होतात.

छताच्या कापडाला पाणी फार लागू देऊ नका. ते फोमवर डिंकाने चिकटवलेलं असतं, भिजलं की डिंक सुटतो आणि कापड खाली लोंबतं. डाग असेल तर फेस टेकवून टिपून घ्यायचा, घासायचं नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि संपूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका. ब्लीच तिथे चालणार नाही. पट्ट्याचा धागा त्याने कमजोर होतो.

आता स्टिअरिंग. लेदरचं स्टिअरिंग चमकायला लागलं की लोकांना ते 'पॉलिश झालं' असं वाटतं. तो तळहाताचा घाम आणि तेल आहे. कंपनीतून गाडी आली तेव्हा ते मऊ, बिनचमकीचं होतं आणि साफ झाल्यावर पुन्हा तसंच दिसायला हवं. सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, ओलं कापड, कोरडं कापड, असं तीन-चार वेळा केलं की कापडावर येणारा तपकिरी मळ कमी कमी होत जातो. स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीला चमक आणणारं काही लावू नका, हात घसरतो. ब्रेक-क्लचच्या पेडलांनाही नाही.

चमकेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. 'दादा, डॅशबोर्ड जरा चकचकीत करून द्या' असं ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. गाडी धुऊन झाल्यावर फवारतात त्या सिलिकॉनच्या तेलकट पॉलिशने डॅशबोर्ड दोन दिवस झगमगतो. मग त्यावर धूळ चिकटते आणि दुपारच्या उन्हात डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत उमटतं. उसाच्या ट्रॉल्यांमागून ओव्हरटेक करताना ते नको असतं. मी नाही म्हणतो. त्याऐवजी पाण्यावर आधारलेलं, मॅट दिसणारं आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं प्रोटेक्टंट स्पंजावर घेऊन पातळ पसरवा, पाच मिनिटांनी उरलेलं पुसून टाका. पॅनेल नव्या गाडीसारखं दिसतं, म्हणजे फिकट चमकेचं, कोरडं.

सीट

पहिलं औषध लागेल ते सीटच्या मागच्या किंवा खालच्या, नजरेआडच्या जागी. टिकलीएवढी जागा ओली करून पांढऱ्या कापडाने पुसा आणि कापड बघा. तपकिरी किंवा करडं आलं तर तो मळ. सीटचाच रंग आला, म्हणजे लाल सीटवरून लाल, तर थांबा. सीटचा रंग सुटतोय. एक तर औषध तीव्र आहे किंवा थर आधीच झिजलेला आहे. अशा सीटला फक्त पाण्यात पिळलेलं कापड आणि मग रंगकाम करणारा जाणकार.

कापडावर मळच आला असेल तर ब्रशवर थोडा फेस घ्या आणि वितीच्या चौकोनात काम करा. उभं, आडवं, मग शिलाईच्या ओळीने. चामड्याच्या बारीक रेघांत मळ बसलेला असतो, ब्रशचे केस तिथपर्यंत पोहोचतात, कापड पोहोचत नाही. फेस पांढऱ्याचा करडा झाला की वाळायच्या आत ओल्या कापडाने उचला. कापडाची घडी चार पदरी घाला आणि प्रत्येक चौकोनाला नवी बाजू वापरा. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची उंच कड, जिच्यावरून घसरत आपण रोज चढतो-उतरतो, तिथे हात सगळ्यात हलका ठेवा. तिथला थर आधीच पातळ झालेला असतो.

त्याच कडेला शिलाईत एक लहानशी 'एअरबॅग' लिहिलेली चिठ्ठी असेल तर त्या सीटच्या पोटात एअरबॅग आहे, आणि ती शिलाई वेळ आल्यावर फाटावी अशीच घातलेली असते. ती भिजवू नका, सुटली तर चपलेच्या दुकानात जाड दोऱ्याने शिवून घेऊ नका. अशा सीटवर घट्ट कव्हर चढवणंही चूक. कव्हर लागतच असेल तर बाजू मोकळी असलेलं घ्या.

वारा येणाऱ्या सीटला बारीक छिद्रं असतात. तिथे फेस ब्रशवर घेऊन एकदा झटका, म्हणजे छिद्रांत पाणी उतरणार नाही. छिद्रांत कंडिशनर (धुतल्यावर लेदरला लावायचं क्रीम) गेला की पांढरे ठिपके दिसतात आणि ते टाचणीने एकेक काढत बसावे लागतात.

कंडिशनर कुणाला आणि किती

रेक्झिनला लेदर कंडिशनर लावून नुकसान सहसा होत नाही, फायदाही होत नाही. ते प्लास्टिक आहे, त्यात काही जिरत नाही. रेक्झिन कडक होतं ते त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं उष्णतेने उडून जातात म्हणून. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट, धुरकट थर जमतो तो बऱ्याच अंशी त्याच द्रव्यांचा. त्यामुळे रेक्झिनला वर सांगितलेलं मॅट प्रोटेक्टंट पुरे, आणि त्याहून जास्त उपयोगाची म्हणजे पुढच्या काचेची सावली. काचेला लावायचा घडीचा पडदा घ्या आणि लिंबाखाली जागा मिळाली तर चार पावलं जास्त चाला.

खऱ्या लेदरवरही लेप असल्यामुळे कंडिशनर खोलवर जात नाही. पण वरचा थर लवचिक राहतो, घासलं जाणं कमी होतं आणि सीट कुरकुरत नाही. सीट धुतल्यावर तासभर वाळू द्या. मग स्पंजावर रुपयाच्या नाण्याएवढा कंडिशनर घ्या. तेवढ्यात एका सीटचा बसायचा भाग होतो. पातळ पसरवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कोरड्या कापडाने उरलेला काढून टाका. हात लावल्यावर चिकट लागलं तर जास्त झालं. वर्षातून दोनदा पुरतो: एकदा होळीच्या आधी, उन्हाळा सुरू होताना, आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाळा संपल्यावर. त्या दिवशी नवी निळी जीन्स घालून फिकट सीटवर बसू नका, रंग उतरतो. आधीच उतरला असेल तर तो लेदर क्लीनरच्या दोन-तीन सौम्य फेऱ्यांत बराच फिका होतो. जुना असेल तर पूर्ण जात नाही, हे मान्य करा.

हळद

सांगलीत गाडी वापरायची आणि हळदीचा डाग पडायचा नाही, असं होत नाही. मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हाताने दार उघडलं जातं, हंगामात हवेतच पिवळी धूळ असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे आहे तेच सीटवर बसतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून भडंगाचा तेलकट बोटाचा डाग नुसत्या हळदीपेक्षा हट्टी असतो.

कोरडी हळद सांडली असेल तर पहिली गोष्ट, हात फिरवू नका. पुसलं की ती रेघांत जाते. वॅक्युमचं तोंड बोटभर वर धरून ओढून घ्या, राहिलेली सुक्या ब्रशने उचला. पूड पूर्ण गेल्याशिवाय ओलं कापड लावायचं नाही.

त्यानंतर न्यूट्रल क्लीनर. आणि इथेच नवीन माणूस घाबरतो. फिकट रंगाच्या सीटवर पिवळा डाग आहे, त्यावर कपड्याच्या साबणाचा फेस लावला आणि बघता बघता डाग लालभडक झाला. डाग वाढलेला नसतो. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, त्याच कारणाने क्षारात कर्क्युमिन पिवळ्याचं लाल होतं. साबण क्षारधर्मी होता एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पाच-सहा वेळा पुसा, साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो. तरी लालसर झाक राहिली तर कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्या कापडाने एकदा टिपा आणि परत साध्या पाण्याने पुसा.

उरलेला पिवळेपणा घासून काढायचा नाही. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. सकाळचं कोवळं ऊन त्या जागेवर पडेल अशी गाडी उभी करा, दार उघडं ठेवा, आणि चार-सहा दिवस रोज तास-दोन तास तेवढंच करा. डाग रोज फिका होताना दिसतो. नंतर लेदर असेल तर कंडिशनरचा एक पातळ हात. अल्कोहोलने हळद लवकर विरघळते हे खरं आहे, पण सोबत सीटचा थरही जातो.

खंडेनवमीला गाडीची पूजा होते, तेव्हा स्टिअरिंगला आणि डॅशबोर्डला हळद-कुंकवाची बोटं लागतातच. लावू नका असं घरात कोण म्हणणार? एवढंच करा, विड्याच्या पानावर लावून पान डॅशबोर्डवर ठेवा, किंवा बोटं बाहेर बॉनेटवर उमटवा. बाजारातल्या कुंकवात पुष्कळदा कृत्रिम रंग असतो, आणि तो वरच्या युक्तीने उन्हात जात नाही. हार संध्याकाळीच काढा. झेंडू कुजला की त्याचा रंग प्लास्टिकवर उतरतो.

बाकीचे डाग, थोडक्यात

चुना. तंबाखू मळताना ड्रायव्हरच्या मांडीशेजारी सीटवर आणि दरवाज्याच्या पॅडवर पांढरे ठिपके पडतात. चुना हे चामड्यासाठी वाईट प्रकरण आहे. कातडी कमावताना केस सोडवायला चुन्याचंच पाणी वापरतात. वाळलेला ठिपका नखाच्या कडेने नाही, प्लास्टिकच्या कार्डाने अलगद उडवा, वॅक्युम करा आणि मगच ओल्या कापडाने दोन-तीनदा पुसा. आधी ओलं केलंत तर चुना पसरतो.

डोक्याचं तेल हेडरेस्टवर काळपट गोल उमटवतं. कोरड्या कापडाने दाबून टिपा, मग क्लीनरच्या फेऱ्या. इथे घाई चालत नाही, दर आठवड्याला एक फेरी करून महिन्याभरात जातं. तासगावकडून द्राक्षं आणलीत आणि रस सांडला तर कोमट पाण्यात पिळलेलं कापड पुरे, पण त्याच दिवशी, कारण साखर वाळून तिथे मुंग्या येतात. बॉलपेनची रेघ मात्र घरी खरडू नका. शाई काढणारं जवळजवळ प्रत्येक औषध रंगही काढतं.

पाऊस

शिराळा, पाटण, महाबळेश्वरकडून जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या सीटवर पांढरट-हिरवट बुरशी दिसते, विशेषतः गाडी पंधरा दिवस बंद उभी असेल तर. नाका-तोंडाला रुमाल बांधा, गाडी उघड्यावर आणा, बुरशी ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडा. मग क्लीनरने पुसा आणि चारही दारं उघडी ठेवून वाळवा. वाळवताना हेअर ड्रायर जवळ धरू नका, लेदर आकसतं. नंतर एसी चालू करून हवा आतल्या आत फिरवत ठेवली की दमटपणा लवकर ओढला जातो. एसीचा फिल्टर काढून बघा. वास तिथूनच येत असतो आणि लोक सुगंधी डब्यांवर पैसे घालवतात. ओल्या मॅट रात्रभर गाडीत ठेवायच्या नाहीत, एवढं पाळलं तरी निम्मी बुरशी टळते.

पुराचं पाणी आत गेलेली गाडी हा वेगळा विषय आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे की गाळ गालिच्याखालच्या फोममध्ये आणि वायरिंगमध्ये जातो. अशी गाडी चालू करून बघू नका, चावीही फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून न्या. सीट्स आणि गालिचा बाहेर काढल्याशिवाय ती गाडी आतून वाळत नाही, आणि ते वर्कशॉपचं काम आहे.

रोजचं आणि शेवटचं

आठवड्याला एकदा कोरड्या कापडाने सीट आणि डॅशबोर्ड पुसलेत तर दोन-अडीच महिन्यांनीच ब्रश हातात घ्यावा लागतो. पुढची काच आतून पुसायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा, कारण डॅशबोर्डचं औषध उडून तिच्यावर आलेलं असतं. एक ओलं कापड आणि एक कोरडं, बस.

काम झाल्यावर मायक्रोफायबरची कापडं घरच्या कपड्यांत टाकू नका. सुती कपड्यांचे तंतू त्यांना चिकटतात आणि पुढच्या वेळी ते सगळे काळ्या डॅशबोर्डवर उतरतात. वेगळी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कापड पाणी ओढायचं थांबतं. सावलीत वाळवा. हळद पुसलेलं कापड मात्र उन्हात टाका आणि ते कायम हळदीलाच ठेवा.